गुडघे बदलले, आता योगाचं काय?

पत्र

मी मिरजेला राहते, वय ६३. शाळेत नोकरी करत असतानाच योगशिक्षिकेचा अभ्यासक्रम केला आणि पुढे कॉलनीच्या हॉलमध्ये रोज सकाळी बायकांचा वर्ग घेत आले, फी न घेता. गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. ऑपरेशन चांगलं झालं, दुखणं थांबलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मांडी घालायची नाही, वज्रासन नाही, खाली बसायचंच नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. वर्ग आता माझ्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी घेते. चांगलं घेते. मी दोनदा गेले. मला मागे खुर्ची दिली. सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीवर, पाहुणी आल्यासारखी. ओंकाराच्या वेळी रडू फुटेल असं वाटलं म्हणून मध्येच उठून आले. नंतर गेले नाही.

आयुष्यभर मी बायकांना सांगत आले की शरीर, मन आणि आत्मा एक आहेत. शरीर स्थिर झालं की मन स्थिर होतं. आता आसनच गेलं, तर बाकीच्या दोघांचं काय करायचं? माझे धाकटे दीर माळकरी आहेत. ते म्हणतात, 'वहिनी, देह नाशवंत. त्यात कशाला अडकता? नाम घ्या.' त्यांचं पटतं आणि रागही येतो. अजून पहाटे साडेचारला उठते, थंड पाण्याने अंघोळ करते आणि मग नुसती बसून राहते. दिवसभर चिडचिड होते, सुनेवर ओरडते, रात्री झोप नाही. एक गोष्ट लिहायला लाज वाटते. गुडघे आता अजिबात दुखत नाहीत, तरी जिना दिसला की श्वास अडकतो. इतकी वर्षं प्राणायाम शिकवणाऱ्या बाईचा! माझा योग खोटा होता का?

उत्तर

ताई, पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही लाजत लाजत अगदी शेवटी लिहिलंत, ते जिन्याचं. मी तिथूनच सुरू करते.

गुडघे दुखत होते त्या काळात पहिल्या पायरीवर पाऊल टाकण्याआधीच तुमचा हात कठड्याकडे जात असणार, पोट आवळलं जात असणार आणि श्वास धरला जात असणार. कळ येणार हे ठाऊक होतं, म्हणून शरीर आधीच कंबर कसून तयार. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. सर्जननी सांधा बदलला आणि कळ थांबली. ती तयारी मात्र कुणी बदलली नाही, कारण ती वाटीत नव्हतीच. आपल्याकडे याला संस्कार म्हणतात. तो शरीरात आहे की मनात, हे वेगळं काढून दाखवता येत नाही. श्वास छातीत अडकतो, भीती मनात असते आणि दोन्ही एकाच क्षणी हजर होतात. शरीर आणि मन यांच्या नात्याबद्दल तुम्ही वर्गात जे सांगत होतात त्याचा इतका रोकडा पुरावा दुसरा कुठे मिळणार?

आता पतंजलींच्या योगसूत्रांतली यादी काढा. पहिल्या पादातलं तिसावं सूत्र तुम्ही शिकवलेलंच असणार, नऊ अंतरायांचं, म्हणजे वाटेतल्या अडथळ्यांचं. त्यात पहिला शब्द व्याधी. लगेच पुढच्या सूत्रात या अडथळ्यांबरोबर काय काय येतं ते सांगितलं आहे: दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. यातलं जवळजवळ सगळं तुमच्या पत्रात आहे. ही यादी अडाण्यांसाठी किंवा नापासांसाठी केलेली नाही. जो वाटेवर आहे त्याच्याच वाटेत काही आडवं येऊ शकतं. तेव्हा 'योग खोटा होता का' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, नाही. बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल.

जिन्यासाठी आधी एक काम. दुपारी घर शांत असताना, कुठेही जायचं नसताना, जिन्यापाशी जा. कठडा धरा, बिनदिक्कत धरा. पायरीकडे बघा आणि श्वास कुठे थांबला ते नुसतं पाहा, तो दुरुस्त करू नका. मग तोंडाने हलकेच श्वास सोडायला लागा आणि सोडता सोडता एक पाऊल पहिल्या पायरीवर ठेवा. त्यावर भार द्यायचा नाही. श्वास आपोआप आत येईल तेव्हा पाऊल परत खाली. चार-पाच वेळा झालं की घरात या. जिना चढायचा नाही. काही दिवस तरी हा जिना वर जाण्यासाठी नाहीच असं धरून चाला. शरीराला जी गोष्ट कळेनं शिकवली ती उपदेशाने विसरवता येत नाही, कळ न येण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा देऊनच विसरवता येते. आणि श्वास सोडतानाच पाऊल का, तर श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. लांब उच्छ्वासाने शरीर सैल पडतं. पतंजलींनीही चित्त निवळण्याचे जे उपाय दिले त्यात प्राणाचा उपाय सांगताना आधी प्रच्छर्दन म्हटलं आहे, म्हणजे बाहेर सोडणं. रोखणं त्याच्या मागून येतं.

याच्या जोडीला फिजिओने दिलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू आहेत ना? बऱ्याच बायका दुखणं थांबलं की ते सोडून देतात. सांधा नवा असला तरी त्याला पेलणारे स्नायू दुखण्याच्या काळात वापराविना दुबळे झालेले असतात. पायरीवर जो अविश्वास वाटतो त्यातला काही भाग मनाचा नसतोच, स्नायू खरंच कमी पडत असतात. ते व्यायाम कंटाळवाणे असतात हे मान्य. शलभासन तरी कुठे मजेचं होतं?

आता तुमचा मोठा प्रश्न. शरीर, मन, आत्मा एक असतील आणि त्यातलं शरीर गेलं तर बाकीच्यांचं काय?

हे तिघांचं त्रिकूट आपण इतक्या भिंतींवर वाचलं आहे की ते पतंजलींनीच मांडलं असं वाटतं. २०१५ पासून दर २१ जूनला, योगदिनाला, तर ते चौकाचौकांत लागतं. शरीर, मन आणि आत्मा हा त्रिकोण अमेरिकेतल्या वायएमसीएने, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आपली खूण म्हणून घेतला होता, हे सांगितलं तर तुमच्या वर्गातल्या बायकांना आश्चर्य वाटेल. त्रिकूट वाईट नाही. पण योगसूत्रांची मांडणी तशी नाही आणि तुमचं दुखणं नेमकं त्या फरकात आहे.

पतंजलींच्या मागे सांख्य दर्शनाचा हिशेब आहे, पंचवीस तत्त्वांचा. त्यात शरीर, इंद्रियं, मन, अहंकार, बुद्धी ही सगळी मंडळी एकाच बाजूला, प्रकृतीच्या, म्हणजे जड सृष्टीच्या. शरीर आणि मन म्हणजे एकाच पिठाच्या दोन भाकरी, एक जाड थापलेली, एक पातळ. म्हणून तर पायरी पायाला दिसायच्या आधी श्वासाला दिसते. इथपर्यंत तुमचं 'एक आहेत' अगदी बरोबर. पण पंचविसावं तत्त्व, पुरुष किंवा द्रष्टा, म्हणजे नुसता पाहणारा, ते या पिठाचं नाही. ते वाढत नाही, झिजत नाही, त्याला गुडघे नसतात. दुसऱ्या पादात तर पतंजली रोखठोक सांगतात की द्रष्टा आणि दृश्य यांचा संयोग हेच टाळण्याजोग्या दुःखाचं कारण. म्हणजे ज्या एकीकरणाची आपण पोस्टरवर जाहिरात करतो ते त्यांच्या लेखी रोगाचं निदान आहे. पुढे वेदान्ताने, भक्तीने आणि हठयोगाने वेगवेगळी उत्तरं दिली आणि त्यांना एकाच माळेत ओवायची घाई मी करणार नाही. पण ज्या सूत्रांवर तुमचा अभ्यासक्रम उभा होता ती तरी हेच म्हणतात.

पतंजलींनी दुःखाची मुळं म्हणून जे पाच क्लेश सांगितले त्यांतला दुसरा आठवा, अस्मिता. पाहणाऱ्याची शक्ती आणि ज्याच्या साहाय्याने पाहिलं जातं ते साधन, ही दोन जणू एकच आहेत असं वाटणं, अशी तिची व्याख्या. त्या सूत्रात एक बारीकसा 'इव' आहे, जणू. तुमच्या बाबतीत हा 'जणू' फार सुबक दिसत होता. 'पद्मासनात बसणारी, वर्ग घेणारी, सगळ्या जिला ताई म्हणतात ती मी.' यात खोटं काही नव्हतं आणि त्या रूपाने बायकांचं भलंही झालं. पण ते रूप पुढच्या सतरंजीवर होतं आणि सतरंजी गेल्यावर ते कुठे बसवावं हे तुम्हाला कळेना. रडू गुडघ्यांचं नव्हतं. ते अस्मितेचं होतं. असं लिहिताना मी तुम्हाला कमी लेखत नाही. अस्मिता सुटणं ही पहिल्या पायरीची गोष्ट नव्हेच, आणि तुमच्यावर ती सुटायची वेळ ऑपरेशन टेबलावरून, न विचारता आली.

आणखी एक. त्या खुर्चीवर बसलेली, रडू आवरणारी बाई तुम्हाला दिसत होती. पत्रात तिचं वर्णन तुम्ही किती स्वच्छ केलंत, 'पाहुणी आल्यासारखी'. जिन्यापाशी अडकणारा श्वासही दिसला. हे जे दिसणं आहे ते गुडघ्यांबरोबर बदललेलं नाही. काटेकोरपणे बोलायचं तर हे लक्षात येणंही बुद्धीचंच काम, पुरुष त्याच्याही मागे. त्याला 'आत्म्याचा अनुभव' वगैरे नाव देऊ नका. पण आत्म्याचं काय करायचं असं विचारता तेव्हा इतकंच सांगेन की त्याचं काही करायचं नसतं. काम जे करायचं ते इकडच्या बाजूला, श्वासावर, सवयींवर आणि चिडचिडीवर.

आता आसन. १९५ सूत्रांत पतंजलींनी आसनाला तीन सूत्रं दिली. स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल करून आणि अनंतावर चित्त ठेवून ते साधतं, आणि मग थंडी-ऊन यांसारखी द्वंद्वं टोचत नाहीत. झालं. पद्मासनाचं नाव सूत्रांत नाही, ते सूत्रांवरच्या व्यासभाष्यात येतं. आणि भाष्यातली ती आसनांची यादी तुम्ही आता नव्या डोळ्यांनी वाचा अशी माझी विनंती आहे. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, आणि त्यांच्या पाठोपाठ काय? सोपाश्रय. आधार घेऊन बसणं. यादीच्या शेवटी आहे यथासुख, जसं सुख होईल तसं. टीकाकार वाचस्पती मिश्र सोपाश्रयाचा खुलासा करताना योगपट्टा सांगतात, म्हणजे बसल्यावर पाय आणि पाठ सावरायला बांधायचा कापडी पट्टा. योगनृसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती तो कोरलेला असतो. हंपीचा प्रचंड नरसिंह कधी पाहिला असेल तर आठवेल. देवालाही गुडघ्यांना आधार घेऊन बसवलं आहे आणि मिरजेच्या ताईंना खुर्चीची लाज वाटते!

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी, त्यांनी तर हा सोपाश्रय थेट वर्गात आणला. भिंतीवर दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, लोड आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या. १९३७ साली अठराव्या वर्षी पुण्यात आलेल्या या माणसाचं बालपण दुखण्यांत गेलेलं. २०१४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर त्यांचा सराव चालू होता, आणि उतारवयातला बराचसा आधारावर. खुर्चीवरचं आसन हे 'बिचाऱ्यांसाठी' असतं असं त्या परंपरेत कुणी म्हणणार नाही.

तेव्हा खुर्चीचं बघू. प्लॅस्टिकची नको, ती फरशीवर सरकते आणि तिचे पाय फाकतात. बिनहाताची घडीची लोखंडी खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला लावा. पुढच्या निम्म्या भागावर बसा. पाय जमिनीला पूर्ण टेकत नसतील तर खाली पाट ठेवा, आपल्या बायकांच्या उंचीला बहुतेक लागतोच. टाचा गुडघ्यांच्या किंचित पुढे, म्हणजे सांधा काटकोनाहून जास्त दुमडणार नाही. कंबर खचत असेल तर मागे सरका आणि पाठीच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी द्या. हात मांड्यांवर पालथे. आणि मग दुसरं काही करायच्या आधी हे पाहा की मांड्या अजून काही धरून बसल्या आहेत का. तुमच्या धरून बसलेल्या असतील. इतक्या वर्षांचा पद्मासनाचा ताण त्यांच्या अंगवळणी आहे. प्रयत्नशैथिल्य म्हणजे काय, हे मांडी घालून तुम्हाला जितकं कळलं नसेल तितकं इथे कळेल, कारण इथे मिरवण्यासारखं काही नाही. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, सध्या नको. दहा मिनिटं पुरेत. भ्रामरी तुम्हाला येतेच, ती शेवटी करा. शवासन पलंगावर.

पहाटे साडेचारला थंड पाण्याने अंघोळ करून सुन्न बसायचं, हे मात्र आजपासून बंद करा. हठप्रदीपिका तुमच्या कपाटात असणारच. पहिल्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी दिल्या आहेत. अति खाणं, अति श्रम, बडबड, लोकांची गर्दी, चंचलपणा ही पाच कुणीही ओळखेल. सहावी नियमाग्रह. नियमांचा हट्ट! आणि त्याच उपदेशात पुढे प्रातःस्नान, उपवास यांसारखे कायाक्लेश टाळायला सांगितलं आहे. हठयोगाच्या ग्रंथात, ताई. रात्री झोप नसताना साडेचारची घंटा कुणासाठी वाजवता? सकाळी वर्ग असायचा म्हणून ती वेळ होती. आता सहाला उठा, कोमट पाण्याने अंघोळ करा, चहा घेऊन बसलात तरी चालेल. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि अजिबात न खाणारा, अति झोपणारा आणि जागत राहणारा, या सगळ्यांना योग नाही असं एका दमात सांगून टाकलं आहे.

दिरांबद्दल. त्यांचा सल्ला घ्या, त्यांचं कारण राहू द्या. नाम घ्यायला हरकत नाही. पतंजलींनीही प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा, जप आणि त्याच्या अर्थाची भावना सांगितली आहे, आणि नामाला गुडघे लागत नाहीत. पण 'देहात कशाला अडकता' हे वारकऱ्याने म्हणावं याची मला गंमत वाटते. अडीचेकशे किलोमीटर पायी चालत पंढरी गाठायची, वाटेत पावली खेळायची, फुगडी घालायची, टाळ धरून उभ्याने कीर्तन ऐकायचं, हा सगळा देहाचाच कारभार. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी कुंडलिनीचा प्रवास शरीराच्या कणाकणातून असा रंगवला आहे की देहाचा कंटाळा आलेल्या माणसाला तो लिहिताच आला नसता. तैत्तिरीय उपनिषदात भृगू वडिलांकडे, वरुणाकडे ब्रह्म विचारायला जातो. वडील म्हणतात, तप कर आणि जाणून घे. पहिल्या खेपेला त्याला उत्तर सापडतं, अन्न हेच ब्रह्म. ते अपुरं वाटतं, पुन्हा जातो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, शेवटी आनंद. पण आनंद सापडल्यावर अन्न फेकून दिलं असं पुढे येत नाही. उलट लगेच व्रत सांगितलं आहे की अन्नाची निंदा करू नये. दिरांना हे सांगायचं की नाही ते तुमच्या घरच्या हवामानावर ठरवा.

आता वर्गाचं. परत जा. पण आधी त्या मुलीला फोन करा आणि खुर्ची मागे न ठेवता पहिल्या रांगेत एका कडेला, भिंतीशी ठेवायला सांगा. तिने मागे ठेवली ती अवमानासाठी नसणार. तुम्हाला ये-जा सोपी जावी किंवा सगळ्यांनी वळून बघू नये, असा तिचा हिशेब असेल. आणि खरं सांगा, त्या दोन दिवसांत खुर्चीवरून तिच्या सूचना मनातल्या मनात दुरुस्त करत होतात ना? 'श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलंच नाही', 'भुजंगासनात कोपर बघ कसा'? पतंजलींनी सांगितलेल्या मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चौघींतली मुदिता, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याचा आनंद, सगळ्यात महाग. दुःखी माणसाबद्दल करुणा वाटायला फारसं लागत नाही. आपल्या जागी बसलेली मुलगी 'चांगलं घेते' याचा आनंद वाटायला मात्र बरंच काही लागतं. तुम्ही ते दोनच शब्दांत उरकलंत. एकदा वर्ग सुटल्यावर तिला तिच्या तोंडावर सांगा, चांगलं काय वाटलं ते नाव घेऊन. दुरुस्त्या वर्षभर ठेवून द्या. विचारलं तरच.

आणि एक गोष्ट करू नका. कॉलनीत गुडघ्यांमुळे येणं सोडलेल्या बऱ्याच जणी असतील. 'मी खुर्चीवरच्या योगाचा नवा वर्ग काढते' हे तुमच्या मनात येईल, किंवा कुणीतरी सुचवेल. कल्पना उत्तम आहे आणि पुढे कधीतरी काढाच. पण आत्ता नको. आत्ता काढलात तर सतरंजीवरची ताई खुर्चीवर जाऊन बसेल आणि हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आधी काही महिने कुणाला न शिकवता, कुणी न बघता स्वतःपुरती बसा. इतकी वर्षं तुम्ही रोज बायकांसाठी बसलात. त्यातलं स्वतःसाठी किती होतं?

सुनेला एकदा सरळ सांगा: 'मला सध्या झोप लागत नाही, त्याचा राग तुझ्यावर निघतो, तुझं काही चुकत नाही.' इतकं पुरेल. यावर लांबलचक बोलणं तिलाही नकोच असणार.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. रात्र रात्र झोप नाही, दिवसभर चिडचिड, रडू दाटून येणं, मनापासून आवडणारी गोष्ट नकोशी होणं, हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर त्याला 'साधना कमी पडली' म्हणू नका. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उदासीनता येऊ शकते आणि तिच्यावर उपचार असतात. आधी नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, ते म्हणाले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शरीर आणि मन एकाच पिठाचे, असं मानणाऱ्या बाईने गुडघ्यासाठी डॉक्टर गाठावा आणि मनासाठी गाठू नये, यात काही संगती नाही. स्वामी कुवलयानंदांनी उड्डीयान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना आत काय होतं ते क्ष-किरणांखाली तपासलं, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला काढलेल्या संस्थेला नाव दिलं कैवल्यधाम, म्हणजे मुक्तीचं घर. एक्स-रे आणि कैवल्य एकाच छपराखाली नांदू शकतात असं त्यांना वाटत होतं.

पुढच्या तपासणीला सर्जनकडे जाल तेव्हा 'योग करू का?' असं मोघम विचारू नका. त्या प्रश्नाला 'हो, हलकाफुलका करा' याहून वेगळं उत्तर येत नाही. कागदावर लिहून न्या: माझा गुडघा आता किती अंशांपर्यंत दुमडतो आणि किती दुमडायला हरकत नाही? उभ्याने त्रिकोणासन आणि वीरभद्रासन चालेल का, की पाऊल जमिनीवर रोवून गुडघ्याला पीळ देऊ नये? पलंगावर गुडघे टेकून मार्जारासन करायचं तर खाली किती जाड गादी हवी, की तेही नको? झोपताना गुडघ्याखाली उशी घेऊ की नको? (बरेच डॉक्टर ती नको म्हणतात, कारण सांधा अर्धवट वाकलेला राहायची सवय लागते. आपण शवासनात मात्र ती सर्रास देतो.) खुर्चीवर बसून पुढे वाकलं तर चालेल का? वर्गात करून घेत होतात तशी एक-दोन आसनं त्यांच्यासमोर करूनच दाखवा. सर्जनना पद्मासन माहीत असतं, पण भद्रासनात गुडघ्याचं नेमकं काय होतं हे त्यांना तुम्हीच सांगू शकाल.